फाट्यावरचा गाडीतळ

पाच चाळीसला कंपनीची बस येते.
त्याआधी पंधरा मिनिटांत माझ्या टिनाखाली
सत्तावन्न गाड्या लागतात,
इंजिनं गरम, माणसं अर्धी झोपेत.
हेडलाइटवर खडूनं नंबर लिहितो,
तोच नंबर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर.
दिवसाचे दहा, महिन्याचे दोनशे.
उधारी चालते. हेल्मेटची जबाबदारी माझी नाही.

बस गेली की सावळधरा कसं दिसतं
हे मला ठाऊक, पोस्टातल्या येरणेबाईंना ठाऊक,
आणि दुपारी रस्त्याच्या मधोमध झोपणाऱ्या
त्या तीन कुत्र्यांना.
बाकी गावानं स्वतःचं गाव
फक्त रविवारी पाहिलेलं आहे.

आजा माझा जिनिंगवर दरवान होता.
तेव्हाही हा गाडीतळच.
मार्गशीर्ष-पौषात बंड्यांची रांग पार नाल्यापर्यंत,
सरकी खाऊन बैल रवंथ करत,
गाडीवान तुराट्या पेटवून रात्र काढत.
पहाटे भोंगा व्हायचा.
भोंग्यावर बाया चुलीला हात घालत,
मास्तर शाळेचं घड्याळ लावत,
आणि घड्याळ चुकलं तर भोंगा चुकला असं
कुणी म्हणत नसे.
माणसं तेव्हा बाहेरून इथं कामाला येत,
नदीपलीकडून, छिंदवाड्याकडून.
त्यांच्या झोपड्या होत्या त्या जागेला अजून
परदेशीपुरा म्हणतात.
आता तिथं सगळे इथलेच राहतात
आणि कामाला परदेशी जातात,
बत्तीस किलोमीटर.

छोट्या गाडीची लाइन होती, तिचे रूळ
धोट्यांच्या गोठ्याला आढे म्हणून लागले,
दोन ग्रामपंचायतीच्या फाटकाला.
फलाट राहिला. पिवळ्या पाटीतलं एक अक्षर गेलं,
म्हणून नव्या लेआउटमधली पोरं
गावाला सावळरा म्हणतात.

तळं त्याच्याही आधीचं.
कुणी म्हणतो गोंडराजानं खोदलं,
कुणी म्हणतो भुतांनी, एका रात्रीत.
लेआउटवाल्यानं बोर्ड लावला, लेक व्ह्यू,
प्लॉट विकले,
मग तळ्यात मुरूम टाकायला सुरुवात केली.
भुतांना इतकी घाई नव्हती.

शहरातून आलेली माणसं चांगली आहेत.
इथं हवा बरी म्हणतात, खिडक्या बंद ठेवतात,
सकाळी शहरातच जातात.
लांजेवार सर तर दोन्हीकडे भाडं भरतात,
विचारलं तर म्हणतात, सवय.

एकतीस नंबरची स्कुटी
पोळ्याच्या आदल्या दिवसापासून उभी आहे.
रंजू उईके, पॅकिंगला होती.
"काका, आज ओव्हरटाइम हाय, उशीर होईन," म्हणाली.
सात वीसला बस आली, साडेअकराची आली,
छप्पन्न गाड्या गेल्या.
मी कंदील घेऊन बसलो, म्हणजे मोबाइलचा टॉर्च.
चौथ्या दिवशी फोन आला:
कंपनीजवळ खोली केली, तिघी मिळून.
झोप पुरते, काका. येईन घ्यायला.

पैसे मी मागितले नाहीत. खडूचा नंबर
दवानं पुसतो, मी पुन्हा लिहितो.
रविवारी किक मारतो, बॅटरी मरू नये म्हणून.

परवा भर दुपारी तिची माय आली.
बाजाराची पिशवी खाली ठेवली,
पदरानं आरसा पुसला, एकच, उजवा.
"चालू होते काय?"
होते, म्हटलं.
"करून दाखवा बरं."
तिसऱ्या किकला लागली.
ती ऐकत उभी राहिली, कुत्र्यांनी मान वर केली,
रिकाम्या गावात तो आवाज
फलाटापर्यंत गेला असेल.

"बंद करा आता," ती म्हणाली,
"पेट्रोल जाते पोरीचं."